कँडीला जाण्यापूर्वी

श्रीलंकेत बसच्या पाटीवर सिंहलीत कँडी हे नाव शोधले तर सापडत नाही. तिथे लिहिलेले असते 'महनुवर', म्हणजे महानगर. 'नुवर' हे 'नगर'चेच सिंहली रूप. या डोंगरी मुलखाला पूर्वी 'कंद उड रट' म्हणत. त्यातला 'कंद' म्हणजे डोंगर. पोर्तुगिजांनी तेवढाच शब्द उचलून त्याचे 'कांडिया' केले, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे कँडी झाले. बेटाच्या मध्यभागी टेकड्यांच्या वाटीत हे शहर बसले आहे. ३३५ किलोमीटर लांबीची महावेली, म्हणजे देशातली सर्वांत लांब नदी, त्याला तीन बाजूंनी वळसा घालून जाते.

'हिल स्टेशन' म्हणून कँडीला निघणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. शहराची उंची जेमतेम ५०० मीटर, महाबळेश्वरच्या निम्मीही नाही. दुपारी घाम येतो, संध्याकाळी वारा सुटतो आणि रात्री पंख्यावर भागते. स्वेटर लागतो तो पुढे १,८०० मीटरांवरच्या नुवर एळियला. कँडीला जायचे ते थंडाव्यासाठी नव्हे. सिंहली राजांची ही शेवटची राजधानी, आणि तिथला पूजेचा व सणांचा क्रम आजही चालू आहे. त्या क्रमाची वेळापत्रके न पाहता आखलेली सहल बहुधा फसते. सकाळी अकराला मंदिरात पोचायचे, बंद दारासमोर फोटो काढायचे आणि दोनच्या सुमारास पुढच्या गावाला निघायचे, हा बहुतेक टूर कंपन्यांचा कार्यक्रम त्याचा नमुना आहे.

पोर्तुगीज १५०५ मध्ये श्रीलंकेत आले. किनारपट्टी आधी त्यांच्या, मग डचांच्या आणि शेवटी इंग्रजांच्या हाती गेली. डोंगरातले कँडीचे राज्य मात्र तीन शतके तग धरून राहिले. घनदाट जंगल, अरुंद खिंडी, पाऊस आणि हिवताप हीच त्याची तटबंदी होती. १८०३ मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली खरी, पण तिची वाताहत झाली. अखेर राज्य पडले ते फितुरीने. सरदार राजावर उलटले आणि २ मार्च १८१५ रोजी राजवाड्यातल्या 'मगुल मडुव' या लाकडी खांबांच्या दरबारात त्यांनी इंग्रजांशी करार केला. शेवटचा राजा श्री विक्रम राजसिंह मूळच्या मदुराईकडच्या नायक्कर घराण्यातला. त्याला वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि १८३२ मध्ये तो तिथेच वारला. शहराच्या मधोमध असलेले तळे १८०७ मध्ये त्यानेच बांधवून घेतले. वेठबिगारीवर झालेले हे काम रयतेला रुचले नव्हते. आज त्याच तळ्याकाठच्या सावलीत अख्खे गाव फिरायला येते.

किनाऱ्यापेक्षा उशिरा परक्यांच्या हाती गेल्यामुळे इथला नाच, वाद्ये, साडी नेसण्याची पद्धत आणि लग्न-वारशाचा 'कँडियन कायदा'देखील वेगळा टिकला. या सगळ्याच्या केंद्रस्थानी आहे ती दळदा मालिगाव, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर. 'दळदा' हा शब्द पाली 'दाठाधातू'वरून आला. मराठीतली दाढ याच 'दाठा'च्या कुळातली, तर 'मालिगाव' म्हणजे प्रासाद. परंपरा अशी की, चौथ्या शतकात कलिंगाची राजकन्या हेममाला आणि तिचा पती दंत यांनी हा अवशेष केसांत लपवून लंकेत आणला. ज्याच्याकडे दंतधातू त्याचेच राज्य, ही समजूत पुढे इतकी पक्की झाली की राजधानी हलली की दातही हलत असे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या विमलधर्मसूर्याने तो कँडीत आणला. त्यामुळेच हे मंदिर गावाबाहेर किंवा डोंगरमाथ्यावर नसून राजवाड्याच्या आवारात आहे. १९८८ मध्ये युनेस्कोने कँडीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. जानेवारी १९९८ मध्ये तमिळ वाघांनी दारूगोळ्याने भरलेला ट्रक मंदिराच्या दारात उडवला. आज प्रवेशद्वारावर होणाऱ्या झडतीमागे ती आठवण आहे. डागडुजी इतकी नेटकी झाली आहे की माहीत नसलेल्याला खूण सापडणार नाही.

पूजा दिवसातून तीनदा होते: पहाटे साडेपाचला, सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी साडेसहाला. गर्भगृहाचे दार उघडते ते याच वेळी, म्हणून वेळेच्या अर्धा तास आधी आत असलेले बरे. बाहेर फुलांच्या टपऱ्यांवर कमळे आणि निळी कुमुदे ताटलीत मांडून ठेवलेली असतात. चपला ठेवायला वेगळी जागा आहे. तळमजल्यावर वाद्ये सुरू होतात आणि मराठी कान लगेच टवकारतो. 'तम्मॅट्टम' ही काठ्यांनी वाजवायची जोडवाद्ये थेट संबळाची भावंडे वाटतात, 'होरणॅव' सनईच्या जातीचे आणि 'दवुल' ढोलाच्या. वरच्या मजल्यावर रांग हळूहळू सरकते. माणसे बहुतेक पांढऱ्या कपड्यांत, हातात फुले, कडेवर मुले. लांबट मेजावर फुलांचा थर चढत जातो आणि त्यांचा दमट वास खोलीभर साचतो. दारासमोर मिळतात ते दोन-चार क्षण; तेवढ्यात आत दिवा आणि घंटेच्या आकाराची सोनेरी मंजूषा दिसते. दात दिसत नाही. एकात एक बसवलेल्या करंडकांच्या आत तो ठेवलेला असतो, आणि सर्वसामान्यांसाठी त्याचे दर्शन वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी होते. हे माहीत नसलेले पर्यटक 'एवढ्यासाठी एवढी रांग?' असे म्हणत बाहेर पडतात.

तिन्हींत पहाटेची पूजा उत्तम. संध्याकाळी परदेशी पर्यटकांची गर्दी असते; पहाटे येतात ते गावातले लोक, आणि तेही डबे, दप्तरे घेऊन, पुढे कामाला जाण्यापूर्वी. बुधवारी 'नानुमुर मंगल्लय' हा धातूच्या स्नानाचा विधी असतो. त्यातले सुगंधी पाणी औषधी मानून लोकांना वाटतात.

पोशाखाचा नियम काटेकोरपणे पाळला जातो: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, डोक्यावर टोपी नको. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे हा श्रीलंकेत अपमान समजला जातो, आणि बुद्धाचे चित्र असलेला कपडा किंवा गोंदण असेल तर खरोखरच अडचण होऊ शकते. परदेशी नागरिकांना तिकीट आहे. सार्क देशांतल्यांना ते सवलतीत मिळते, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्यावा. तिकीट काढून नुसते मुख्य मंदिर पाहणे हा तोटा आहे. आवारातच राजा नावाच्या हत्तीचे छोटे संग्रहालय आहे. मिरवणुकीत मंजूषा वाहणारा हा सुळेवाला १९८८ मध्ये मेला आणि त्याचे शरीर पेंढा भरून जतन केले आहे. शेजारच्या चार देवळांत नाथ, विष्णू, कतरगम म्हणजे कार्तिकेय, आणि पत्तिनी या देवता आहेत. नाथाचे देवालय चौदाव्या शतकातले, शहरातली सर्वांत जुनी उभी वास्तू. पत्तिनी म्हणजे तमिळ महाकाव्यातली कण्णगी. बौद्ध मंदिराच्या सावलीत हिंदू देवता कशा नांदतात हे ग्रंथांतून कळायला वेळ लागतो. इथे ते वीस मिनिटांत दिसते.

सहलीची तारीख ठरवताना पंचांग जवळ हवे. प्रत्येक पौर्णिमेला श्रीलंकेत 'पोय' म्हणतात (मूळ शब्द उपोसथ) आणि ती सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारूविक्री बंद, मांसाची दुकाने बंद, बसगाड्या भरलेल्या आणि मंदिरात पाय ठेवायला जागा नाही. निवांतपणे पाहायचे असेल त्याने पोय टाळावी. श्रद्धेचा पूर पाहायचा असेल त्याने मुद्दाम तीच निवडावी.

याहून मोठा प्रसंग 'एसळ पेरहर'. 'एसळ' म्हणजे आषाढ. मात्र मराठी पंचांगाशी महिना नेमका जुळेलच असे नाही. उत्सव जुलै किंवा ऑगस्टमध्ये येतो आणि तारखा दरवर्षी मंदिराकडून जाहीर होतात. फणसाच्या झाडाचा खांब चार देवळांत रोवून सुरुवात होते. मग पाच रात्री 'कुंबल' मिरवणूक आणि त्यानंतर पाच रात्री अधिक थाटाची 'रंदोली' मिरवणूक. पुढे आसूड कडाडवणारे असतात. पोतराज पाहिलेल्या माणसाला तो आवाज ओळखीचा वाटेल. त्यांच्यामागे आगीचे गोळे फिरवणारे, निशाणवाले, वादकांचे ताफे, नर्तकांच्या रांगा आणि दिव्यांच्या झुलींनी सजवलेले डझनावारी हत्ती. उजेड खोबऱ्याच्या मशालींचा, त्यामुळे सगळ्या रस्त्यावर खरपूस वास दरवळतो. मालिगावचा मुख्य हत्ती येतो तेव्हा गलका एकाएकी निवतो. त्याच्या पाठीवर मंजूषा असते आणि त्याचे पाऊल जमिनीला लागू नये म्हणून पुढे पांढऱ्या कापडाच्या पायघड्या अंथरत नेतात. खरा दंतधातू मंदिराबाहेर नेत नाहीत. मिरवतो तो त्याच्या प्रतीकाचा करंडक. शेवटच्या रात्रीनंतर पहाटे महावेलीच्या पात्रात तलवारीने पाणी 'कापण्याचा' विधी होतो आणि वर्षभरासाठी ते पाणी घटांत भरून ठेवतात.

पेरहर पाहायची तर खोली काही महिने आधी राखावी लागते, आणि त्या दिवसांत दर कित्येक पटींनी चढतात. रस्त्याकडेच्या खुर्च्या महाग विकल्या जातात. श्रीलंकेतली कुटुंबे दुपारपासूनच फुटपाथवर चटया टाकून, भाताची पुडकी सोडून बसतात. तेही फुकट आणि अधिक गमतीचे. कुंबलच्या रात्री गर्दी थोडी कमी असते. ज्यांना रेटारेटी सोसत नाही त्यांनी त्याच रात्री निवडाव्यात. साखळदंडातले हत्ती पाहून अस्वस्थ होणाऱ्यांनी मात्र हा उत्सव सोडलेलाच बरा.

हवामानाच्या दृष्टीने जानेवारी ते एप्रिल हे महिने कोरडे आणि सोयीचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर जवळजवळ रोज पाऊस कोसळतो. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरच्या चक्रीवादळाने कँडी जिल्ह्यात दरडी कोसळून फार मोठी हानी झाली आणि डोंगरी रेल्वेमार्गही जागोजाग तुटला. त्यामुळे रेल्वेने जाणाऱ्याने कोणता टप्पा चालू आहे याची निघण्याआधी खात्री करून घ्यावी.

मुंबईहून कोलंबोला थेट विमानाने अडीच तास लागतात. घड्याळ बदलावे लागत नाही, दोन्हीकडे वेळ एकच. प्रवासाची ऑनलाइन परवानगी आधी काढावी. शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात, ते सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत. विमानतळ कोलंबोत नसून शहराच्या उत्तरेला कटुनायक इथे आहे. म्हणून कँडीला जाणाऱ्याने आधी कोलंबोत शिरण्याची गरज नाही; तिथूनच बस किंवा टॅक्सीने तीन-साडेतीन तासांत पोचता येते. विमान रात्री उतरत असेल तर जवळच्या निगंबो गावात मुक्काम करून सकाळी निघावे. डोंगरी रस्ता अंधारात करण्यासारखा नाही, आणि पाहण्यासारखा तर आहेच.

रेल्वेने जाणाऱ्याला मात्र कोलंबो फोर्ट स्थानक गाठावे लागते. १८६७ मध्ये हा मार्ग कँडीपर्यंत पोचला तो कॉफी बंदरात नेण्यासाठी. रंबुक्कनपासून कडुगन्नावपर्यंतचा चढ म्हणजे या मार्गाचा बोरघाट: एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला भातखाचरांची दरी. गंमत अशी की, त्याच १८६७ मध्ये कँडीजवळच्या लुलकंदुर मळ्यात जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने १९ एकरांत चहा लावला. दोनच वर्षांनी कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला, कॉफीचे मळे उद्ध्वस्त झाले आणि कॉफीसाठी घातलेले रूळ चहाच्या कामी आले. ही हकिगत पाहायची असेल तर शहरालगतच्या हंतान टेकडीवर जुन्या कारखान्यातले चहा संग्रहालय आहे. टेलरच्या वस्तू तिथे ठेवलेल्या आहेत आणि वरच्या मजल्यावर चहाही मिळतो. कँडीहून पुढे एल्लपर्यंतचा सहा-सात तासांचा रेल्वेप्रवास जगभर गाजल्यामुळे त्याची आरक्षणे खुली होताच संपतात. महिनाभर आधी तिकीट मिळाले तर उत्तम; नाही तर अनारक्षित डब्यात दाराशी उभे राहायची तयारी हवी.

शहराच्या पश्चिमेला सहा किलोमीटरवर पेरादेनियचे वनस्पती उद्यान आहे. महावेलीच्या वळशात १४७ एकरांवर पसरलेले हे उद्यान १८२१ मध्ये स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडचे मुख्यालय १९४४ पासून इथेच होते. सरळसोट रॉयल पामच्या रांगा, प्रचंड बांबू आणि फांद्यांना उलटी टांगलेली हजारो वटवाघळे पाहायला अर्धा दिवस सहज जातो. पाहुण्यांनी लावलेल्या झाडांत एक कैलासपतीही आहे. पुढे राजा झालेल्या पाचव्या जॉर्जने ते १९०१ मध्ये पत्नीसह लावले. मराठी माणूस ज्या फुलात शंकराची पिंड आणि नागफणा पाहतो, त्याच फुलात श्रीलंकेचे लोक स्तूप पाहतात आणि त्या झाडाला 'सल' म्हणून विहारांच्या दारात लावतात. बुद्धाच्या जन्माशी जोडलेला शालवृक्ष तो हा नव्हे. कैलासपती दक्षिण अमेरिकेतून आलेला.

कँडीत आलेल्या बहुतेकांचे पाहायचे राहून जाते ते पश्चिमेच्या खेड्यांतले तीन मंदिरांचे त्रिकूट: गडलादेनिय, लंकातिलक आणि एंबॅक्के. तिन्ही चौदाव्या शतकातली, जवळची गंपोळ राजधानी असतानाची. गडलादेनिय दगडी, लंकातिलक विटांचे, उघड्या खडकावर उभे. दोन्हींच्या बांधणीत दक्षिण भारतीय स्थपतींचा हात होता. एंबॅक्केचे कतरगम देवालय लाकडाचे. त्याच्या वादकमंडपातल्या खांबांवर कोरलेल्या चौकटी हाताच्या पंजाएवढ्या: भिडलेले मल्ल, दोन डोक्यांचा गरुड, मुलाला पाजणारी आई, एकाच डोक्यात जुळलेले बैल आणि हत्ती. मान वर केली तर सुतारकामाचा कळस दिसतो. छताच्या एका टोकाला २६ वासे पंख्यासारखे एकत्र येतात आणि लाकडाची एकच खुंटी त्यांना धरून ठेवते. ती 'मडोल कुरुपाव' पाहायला सुतारांनी तरी मुद्दाम जावे. ही मंदिरे एकमेकांपासून तीन-चार किलोमीटरच्या आत आहेत; सकाळी निघाल्यास भातशेतांतून पायीही जोडता येतात.

कँडियन नृत्याचे कार्यक्रम तळ्याजवळच्या सभागृहांत संध्याकाळी पाचच्या सुमारास तासभर चालतात. डोक्यावर रुपेरी मुकुट, छातीवर मण्यांची जाळी आणि कमरेला 'गॅट बॅर' ढोल असा थाट असतो. हा नाच मूळचा 'कोहोंब कंकारिय' या रात्रभराच्या ग्रामविधीतला. सभागृहात त्याचे तुकडे दाखवतात आणि शेवटी निखाऱ्यांवरून चालून दाखवतात. पर्यटकी असले तरी पाहावे, कारण कार्यक्रम संपताच साडेसहाची पूजा गाठता येते.

जेवणात भात हाच आधार, आणि त्याला सिंहलीतही 'बत्' म्हणतात. 'किरिबत्' म्हणजे नारळाच्या दुधातला भात, किरि हे 'क्षीर'चे रूप. फणसाची, बीटाची, भेंडीची रस्सेदार भाजी आणि मसुराचे 'परिप्पु' सगळीकडे मिळते. शाकाहाऱ्याने सावध राहावे ते खोबऱ्याच्या 'पोल संबोल'बाबत. चटणीसारखे दिसणाऱ्या या पदार्थात बहुधा 'उंबलकड' म्हणजे सुक्या माशाचा चुरा असतो. भाज्यांतही तो चवीपुरता घालतात आणि घालणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. तेव्हा 'शाकाहारी आहे का' एवढे विचारून भागत नाही, 'उंबलकड नको' असे नाव घेऊन सांगावे लागते.

फसवणुकीचे प्रकार जुनेच आहेत. 'आज मंदिर बंद आहे, दुसरीकडे खास उत्सव आहे' असे सांगणारा रिक्षावाला दुकानदाराकडून दलाली घेणारा असतो. मंदिर बंद नसते. मातळेच्या रस्त्यावरच्या मसाल्याच्या बागा आणि रत्नांची दुकाने यांचाही हाच हिशेब. रिक्षा ॲपवर बोलवावी किंवा भाडे आधी ठरवावे.

मुक्काम तीन रात्रींचा हवा. पहिली संध्याकाळ तळे आणि नृत्य, दुसरी पहाट पूजा आणि मग पेरादेनिय, तिसरा दिवस त्रिकूट मंदिरे व चहा. सिगिरिय आणि दंबुल्ल कँडीहून एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. त्यांना त्यांचा वेगळा मुक्काम द्यावा. निघायच्या सकाळी वेळ उरलाच तर मालिगावमागचे उडवत्तकॅले हे जुने राजवन तासाभराचे आहे. पावसाळ्यात तिथे जळवा असतात, म्हणून विजार मोज्यांत खोचूनच आत शिरावे.